मैदानात मराठीत विचारलेले प्रश्न

डार्विनमधलं आमचं घर खांबांवर उभं होतं. तिथली जुनी घरं तशीच असतात. राहायचं वर, आणि खाली वाऱ्यासाठी नुसती काँक्रीटची मोकळी जागा. त्या जागेत आमची गाडी, वॉशिंग मशीन, आईच्या कढीपत्त्याच्या कुंड्या आणि दादा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ हेमंत. शाळेतून आला की दप्तर जिन्यावर टाकून तो बॉल उचलायचा आणि एकेका खांबावर किक मारत राहायचा. तिथल्या फुटबॉलचा बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. खांबावर आपटून तो कुठे उडेल याचा काही नेम नाही, पण तो जमिनीला लागायच्या आत दादाच्या हातात असायचा. वर बाबा रात्रपाळी करून झोपलेले. धप्, धप्, धप्. मग वरून लाकडी जमिनीवर चप्पल आपटल्याचा आवाज यायचा आणि खाली सगळं चिडीचूप. आई जिन्यात येऊन दबक्या आवाजात म्हणायची, "हेमंता, तो तुझा नारळ उचल आणि मैदानावर जा बघू. ते उठले ना, तर आज जेवताना कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

मी फारशी बोलणारी बाई नाही. सिडनीत कॅसल हिलला राहते, हॉस्पिटलच्या ऑफिसात काम करते, आणि घरच्यांनाही निम्मंच सांगते असं माझा नवरा म्हणतो. दादाविषयी मात्र मी खूप जणांना सांगितलं आहे. दर वेळी ह्या खांबांपासून सुरुवात करायची, लोकांना हसवायचं, आणि त्या फायनलपाशी आलं की एक वाक्य बदलून सांगायचं. इतकी वर्षं सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं आहे. इथे लिहिताना मात्र ते खरं होतं तसंच ठेवायचं. त्या दिवशी दादाला मैदानाबाहेर काढायचं की परत खेळायला पाठवायचं, हे माझ्या हातात होतं. एवढं आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

डार्विनमध्ये ऋतू दोनच, ओला आणि कोरडा. दक्षिणेकडे हिवाळ्यात खेळतात तो फुटबॉल आमच्याकडे पावसाळ्यात, कारण कोरड्यात मैदान इतकं टणक होतं की पडलेला माणूस सोलून निघतो. त्या टणक मैदानावर मग क्रिकेट. दादाने हे वर्षाचं चक्र जसंच्या तसं अंगावर घेतलं होतं. पावसाळ्यात फुटी, म्हणजे हाच लांबट बॉलचा फुटबॉल, कोरड्यात क्रिकेट, मधल्या संध्याकाळी हॉकी, आणि कुठल्या क्लबला रिलेसाठी चौथा पळणारा कमी पडला तर तिथेही हाच. पैसा कुणी देत नव्हतं आणि त्यानेही कधी मागितला नाही. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला क्लबकडून मिळायचा मांसाचा ट्रे. सॉसेजेस, चॉप्स, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडायचं, तिथे हा दर दुसऱ्या आठवड्याला मेलेला बोकड घेऊन दारात उभा. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "अभिनंदन रे बाळा. आता ते बाहेरच ठेव." ट्रे मग डोरीनच्या फ्रीजमध्ये जायचा. डोरीन आमच्या क्लबची मुख्य ट्रेनर. तिच्याबद्दल लिहायचंच आहे.

आईची गंमत अशी की खेळ तिला कळत नव्हता, पण खेळणारी पोरं उपाशी राहता कामा नयेत हे कळत होतं. मध्यंतराला तिकडे संत्र्याच्या फोडी वाटतात. आईला ते फार दरिद्री वाटायचं. ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून शेंगदाण्याचे लाडू पाठवायची, आणि चिखलाने बरबटलेले ते आडदांड गडी डब्यावर तुटून पडायचे. "हेमो, टेल युअर मम आय लव्ह हर!" हेमंतचा हेमो क्लबात पहिल्याच दिवशी झाला होता. आई विचारायची, "काय म्हणतायत?" दादा सांगायचा, "गूळ थोडा कमी पडलाय म्हणतायत." आई चिडायची आणि पुढच्या वेळी गूळ वाढवायची. रविवारच्या बाजारात व्हिएतनामी बायकांकडे अळूची पानं मिळायची, ती आणून ती वड्या करायची. घरात मलमाचा, ओल्या जर्सीचा आणि अळूवडीच्या फोडणीचा असा एकत्र वास असायचा. ओल्या दिवसांत जर्सी वाळतच नसे, पंख्याखाली खुर्चीवर एखादं माणूस बसल्यासारखी ती पसरलेली असायची.

बाबांना हे काहीच आवडत नव्हतं. बाबा पुण्याहून तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आलेले. माणूस झोपला आहे, अर्धवट जागा आहे की पूर्ण शुद्धीवर आला आहे, हे नुसतं चेहऱ्यावरून आणि दोन प्रश्नांवरून ओळखणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्यात ते फार वाकबगार होते. ते ओरडत नसत. जेवताना हळू आवाजात विचारायचे.

"काल उशीर झाला?"

"ट्रेनिंग होतं, बाबा."

"आणि परवा?"

"परवा हॉकी."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"ते... दुसऱ्या टीमला एक जण कमी पडत होता."

"म्हणजे दुसऱ्यांच्या टीममध्येही तूच. युनिव्हर्सिटीतसुद्धा कुणी कमी पडतं का? तिथे जाऊन बघ एकदा."

मग आई म्हणायची, "अळूवडी घ्या ना अजून," आणि त्यानंतर जेवण संपेपर्यंत फक्त पंख्याचा आवाज आणि भिंतीवरच्या पालींची चुकचुक. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे दोन विषय दादाचे राहिले होते. तो वाईट मुलगा नव्हता, वाद घालत नव्हता. ताट उचलून ठेवायचा आणि खाली जायचा, पण बॉलला हात लावायचा नाही. त्याचं ते खाली नुसतं उभं राहणं मला वरून कळायचं. मला वाटायचं, ह्या दोघांनी एकदा तरी एका गोष्टीवर एकत्र हसावं. मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात माझी मोठी इच्छा हीच होती, हे आज लिहिताना मला थोडं विचित्र वाटतं, पण होती.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना डोरीनला मदतीला कुणीतरी हवं होतं. तिकडच्या क्लबात ट्रेनर म्हणजे घोट्याला पट्ट्या बांधणारी, पाणी घेऊन मैदानात धावणारी, पडलेल्याला उठवणारी माणसं. डोरीन साठीकडे झुकलेली, शाळेच्या कँटीनमध्ये कामाला, आवाज फाटका आणि हात मऊ. घरी मी "प्रॅक्टिकलचा अनुभव" असं सांगितलं. बाबा म्हणाले, "शिक. उपयोगी पडेल." आई म्हणाली, "त्याच्याकडे लक्ष ठेव ग. तो स्वतःकडे बघत नाही."

डोरीनने मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट घोटून शिकवली. डोक्याला लागलेल्या खेळाडूला तीन प्रश्न. आपण कुठे आहोत, कुणाशी खेळतोय, स्कोअर काय. "एक जरी चुकलं तर बाहेर, लव्ह. फायनल असली तरी बाहेर. मिक बोंबलेल, बोंबलू दे." मिक म्हणजे कोच. डोरीनने मान हलवली की तोही वाद घालत नसे. आजच्यासारखे नियम, आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती, असलं काही तेव्हा नव्हतं. ट्रेनरचा शब्द, बस.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, आणि बाबा यायला निघाले. कारण मजेशीर होतं. ऑपरेशन थिएटरमधली सगळी माणसं बाबांना "हेमोज् डॅड" म्हणायला लागली होती. एकदा तर टेबलावर झोपवलेल्या पेशंटने डोळे मिटता मिटता विचारलं, "डॉक, यू हेमोज् डॅड?" आणि उत्तर ऐकायच्या आत झोपला. हे बाबांनी जेवताना सांगितलं. सांगताना वरणाच्या वाटीकडे बघत होते, पण ओठाचा एक कोपरा त्यांच्या ताब्यात नव्हता. मग म्हणाले, "शनिवारी मला सुट्टी आहे." दादाने माझ्याकडे बघितलं. आई एकदम उठून लाडवांसाठी शेंगदाणे भाजायला लागली.

बाबा इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात आणि ऑफिसच्या बुटांत आले होते. मैदानाभोवतीचे बाकीचे सगळे चड्डी-चपलांत. आई बाकड्यावर बसली, बाबा कुंपणाच्या लोखंडी नळीला टेकून उभे राहिले, काखेत मिटलेली काळी छत्री. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता, नुसतं उकडत होतं. पहिला अर्धा वेळ बाबा देवळात उभं राहावं तसे उभे होते. मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये दादाने तिघांना चुकवत, अशक्य कोनातून एक गोल मारला, आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्यासमोरून पळत होते तेव्हा बाबा छत्री सांभाळत टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, "अगं, हा पळतो कसा बघ! बघितलंस का?" जणू मी दादाला पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

शेवटच्या क्वार्टरला आम्ही चार गुणांनी मागे होतो. एका गोलाचे सहा गुण. म्हणजे एकच गोल. बॉल उंच उडाला तो बाबा उभे होते त्याच कोपऱ्यात. दादा उडी मारून वर गेला, मागून आलेल्याचा गुडघा त्याच्या कानाच्या वर बसला, आणि तो हात न टेकता खाली आला. पडताना माणूस हात टेकतो. त्याने टेकले नाहीत. मी धावतानाच ते पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ मला माहीत होता.

मी आणि डोरीन एकदमच पोचलो. दादाचे डोळे उघडे होते. तो मला म्हणाला, "पाणी दे ग." मराठीत. घरी आजारी पडला की तो मराठीतच बोलायचा, त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. मीही मराठीतच विचारलं.

"दादा, आपण कुठे आहोत?"

"सोलापूरला," तो म्हणाला. "मामाकडे. अजून कुठे असणार?"

"कुणाशी खेळतोयस?"

"खेळत कुठे आहे? बस यायचीय. आई आत आवरतेय."

"स्कोअर काय झालाय?"

तो हसला. अगदी नेहमीसारखा, मला चिडवताना हसायचा तसा. "किती प्रश्न विचारशील? बाबांना विचार, तिकिटं त्यांच्याकडे आहेत."

आवाज कुठेही अडखळत नव्हता. विचारलं की लगेच उत्तर, तेही हसून. ज्याला मराठी येत नाही त्याला वाटावं की पोरगा झकास शुद्धीवर आहे. डोरीनला तसंच वाटत असावं, पण तिने विचारलं, "काय म्हणतोय, लव्ह? मेकिंग सेन्स?" अंपायर शिट्टी तोंडात धरून थांबला होता. बाकड्यावरून मिक दोन्ही हात पसरून ओरडत होता, "हेमो राइट? इज ही राइट?" आणि मी मान वर केली.

कुंपण तिथेच होतं. बाबांचा हात नळीवर होता. त्या सबंध मैदानावर, बाकड्यांवर, गाड्यांच्या टपांवर बसलेल्या त्या सगळ्या गर्दीत दादाचं उत्तर कळू शकेल असं माझ्या आणि आईखेरीज एकच माणूस होतं, आणि आई लांब होती. बाबांनी ऐकलं होतं. मघाचा टाळ्या वाजवणारा चेहरा गेला होता, आणि तिथे त्यांचा हॉस्पिटलचा चेहरा आला होता. त्यांनी तोंड उघडलं. ते बोलतील असं मला वाटलं. मी बोलेन असं त्यांना वाटलं असेल.

"येस," मी डोरीनला म्हणाले. "तिन्ही बरोबर."

"ऑल थ्री?"

"ऑल थ्री."

बाबांनी तोंड मिटलं. त्यांनी एक हाक मारली असती तरी पुरे होती. ते त्या गावातले डॉक्टर होते, अंपायरने ऐकलं असतं. त्यांनी काखेतली छत्री हातात घेतली आणि मैदानाच्या मध्याकडे बघायला लागले. आम्ही दादाला उठवून उभा केला. डोरीनने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो पळत गेला.

मी का केलं याची उत्तरं मी वर्षानुवर्षं बदलत आले. टीमसाठी केलं, दादासाठी केलं, त्याला बाहेर काढलं असतं तर त्याने मला माफ केलं नसतं. ही सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी जे आहे ते असं: बाबा पहिल्यांदा त्याच्याकडे तसं बघत होते, आणि ते बघणं मी संपवणार नव्हते. ते बघतायत तोवर दादा मैदानात हवा होता, मग तो सोलापुरात का असेना. आणि बाबांनी का केलं? मला वाटतं, त्याच कारणाने. पण ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

काही मिनिटांतच त्याला दुसऱ्यांदा लागलं तेव्हा मी लांब होते. साधी टक्कर होती, एरवी माणूस धूळ झटकून उठतो. दादा उठला नाही. त्या वेळी मी प्रश्न विचारले नाहीत. अँब्युलन्स आली, आई तिच्यामागे अनवाणी धावली, आणि बाबा तिच्या चपला हातात घेऊन तिच्यामागे. हॉस्पिटलात डोक्याचं ऑपरेशन झालं. बाबांच्याच सहकाऱ्याने दादाला भूल दिली आणि बाबा बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. आपण जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, "कोण?"

दादा वाचला. चालायला परत शिकला, बोलायला परत शिकला. पण उजेड सोसेना, वेगाने हलणारी कुठलीही गोष्ट बघितली की ओकारी यायची, आणि कधी कधी क्षुल्लक कारणावरून असा भडकायचा की आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. कॉलेज सुटलं. खेळ तर सुटलेच, टीव्हीवरही त्याला बघता येत नव्हते. डार्विनच्या उन्हातून सुटका हवी म्हणून आई-बाबा त्याला घेऊन ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला गेले. बाबांनी हॉस्पिटलातलं काम अर्ध्यावर आणलं. त्याचे व्यायाम, त्याची औषधं, रोज सकाळी त्याचा हात धरून तळ्याकाठी फेरी, हे सगळं बाबांनी केलं. कुणाला करू दिलं नाही. तिथले मराठी लोक म्हणायचे, बाप असावा तर असा.

क्लबात चौकशी झाली तेव्हा डोरीनने मिकला सांगितलं, "माझा निर्णय होता." माझं नाव तिने घेतलंच नाही. मी घरी होते, मला हे नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी काही केलं नाही. डोरीनने क्लब सोडला. आणि मी सगळ्यांना ते वाक्य सांगत राहिले: दादाने तिन्ही उत्तरं बरोबर दिली होती. दादाला स्वतःला त्या दिवसातलं काहीही आठवत नाही. तो मला विचारायचा, "नक्की काय म्हणालो मी?" आणि मी सांगायचे, "डार्विन म्हणालास, समोरच्या टीमचं नाव सांगितलंस, चार गुणांनी मागे म्हणालास." दर वेळी अगदी तेच शब्द.

बाबा ह्याविषयी एकदाच बोलले. मी ब्रिस्बेनला गेले होते, त्यांनी एअरपोर्टवरून आणलं, आणि सिग्नलला गाडी थांबल्यावर समोर बघत म्हणाले, "त्या ट्रेनर बाईने इंग्रजीत विचारायला हवं होतं." मी हो म्हणाले. सिग्नल सुटला. आई गेली, आणि गेल्या वर्षी बाबाही गेले.

ह्या हिवाळ्यात माझी मुलगी इरा फुटी खेळताना डोक्यावर पडली. इकडे आता मुलीही खेळतात आणि नियम कडक आहेत. घरी येऊन ती सोफ्यावर आदळली. "दे आस्क्ड मी लाइक टेन क्वेश्चन्स, मम. आय गॉट वन राँग. वन! आणि आता तीन आठवडे बाहेर. इट्स सो अनफेअर." मी तिच्यासाठी बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजचं दार उघडं टाकून तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ब्रिस्बेनचं विमान धरलं.

दादाने दार उघडलं. पडदे अर्धे ओढलेले होते. तो आता एका रोपवाटिकेत सकाळची कामं करतो, नखांत माती होती. "न सांगता आलीस? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग बस. चहा करतो. हळू होईल, बोंबलू नकोस."

चहा झाल्यावर मी सांगितलं. विमानात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती एकही कामाला आली नाही. सोलापूर, बस, तिकिटं, जसं त्याने म्हटलं होतं तसं सांगितलं. तो आधी हसला. "सोलापूर? मामाचं घर विकून किती वर्षं झाली." मग हसणं थांबलं.

"मी बरोबर उत्तरं दिली होती," तो म्हणाला. "मी हे सगळ्यांना सांगतो, वृंदा. डॉक्टरांना, नर्सरीतल्या पोरांना. मी सगळं बरोबर सांगितलं होतं आणि तरी असं झालं, म्हणजे कुणाची चूक नाही. ह्यावर मी उभा आहे."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं."

"हो."

तो कप हातात फिरवत राहिला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो, मध्ये बोललेलं चालत नाही. 

"बाबा कुठे उभे होते?"

एवढं एक सांगायचं नाही, असं मी ठरवून आले होते. माझं तेवढं द्यायचं आणि बाबांना त्याच्यापाशी तसंच ठेवायचं. मी म्हटलं, "कुंपणापाशी."

"कुंपण मैदानाला चारी बाजूंनी असतं."

"दादा..."

"कुठे?"

"तू पडलास तिथे."

"ऐकू येत होतं?"

मी हो म्हणाले. त्याने कप टेबलावर ठेवला, नीट, बशीच्या मधोमध. "रोज सकाळी हात धरून न्यायचे मला," तो म्हणाला. "मी म्हणायचो, बाबा, सोडा आता, जमतं मला. सोडायचे नाहीत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आधार लागतो, लाजतो म्हणून सांगत नाही."

"दादा, माझ्याकडून आणि त्यांच्याकडूनही मी..."

"नाही." इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी इतका स्वच्छ ऐकला नव्हता. "त्यांचं तू बोलू नकोस. तुझं तू सांगितलंस, त्याचं काय करायचं ते मी बघेन. त्यांचं मला त्यांच्याकडून हवं होतं."

बाहेर कुणाचं तरी लॉन कापायचं यंत्र सुरू झालं. त्याने कपाळावर हात धरला. मी खिडकी लावायला उठले तर म्हणाला, "बस." मी बसले.

"डोरीनचं काय झालं?"

"तिने मिकला सांगितलं, माझा निर्णय होता. आणि क्लब सोडला."

"आणि तू?"

"मी गप्प बसले."

"आहे का ती?"

आहे. क्लबच्या पेजवर मी तिला मधूनमधून बघते. डार्विनमध्येच असते, ऐंशीच्या पुढे, व्हीलचेअरवर. हे मी त्याला सांगितलं.

"तिकीट काढ," तो म्हणाला. "दोन काढ."

"दादा, ते ऊन, विमानातला तो उजेड... तुला नाही सोसणार. मी एकटी जाते. तिला सगळं सांगते. शब्द देते."

"तुझा शब्द," तो म्हणाला. मग पुन्हा: "तिथे उभा राहून ऐकणार आहे मी. इंग्रजीत सांगायचं. तिला कळेल असं."

मी फोन काढला. येत्या शनिवारची डार्विनची दोन तिकिटं. दादा उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. स्क्रीनचा उजेड त्याला सोसत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. तरी शेवटचं बटण दाबेपर्यंत तो माझ्या खांद्यावरून बघत होता, मी खरंच काढते आहे की नाही ते.